दादाचा खर्ज

वहिनी हमालाच्या पाठीवर तो अँप्लिफायर लादून माझ्या दुकानात आली, तेव्हा मी कुणाच्या तरी रेडिओतून उंदराच्या लेंड्या ब्रशने झाडत होतो. माझा धंदाच तसला. लोकांना वाटतं, हा माणूस आवाज दुरुस्त करतो. आवाज कसला डोंबलाचा! मी लोकांची घाण काढतो. रेडिओ असो, गाण्याच्या पार्टीचा खोका असो, सगळ्यांच्या पोटात तेच असतं. केस, झुरळांची अंडी, सिगारेटच्या धुराचा चिकट पिवळा थर, आणि एखादं मेलेलं काहीतरी, जे जिवंतपणी काय होतं ते आता ओळखू येत नाही. चौतीस वर्षं झाली, अजून सरावलो नाही. जेवताना बोटं नाकाजवळ आली की घास खाली ठेवतो. बायको होती तेव्हा म्हणायची, एवढी किळस येते तर पेढी टाकायची होती. तर त्या लेंड्यांतून मान वर केली आणि दारात हमालाच्या पाठीवर तो दिसला. काळा, कोपरे झिजलेला, पुढच्या जाळीवर चहाचा जुना डाग. दादा त्याला रेडा म्हणायचा. मी ब्रश टाकून टेबलाची कड धरली.

"भावजी, कुठे ठेवायला सांगू? हा बिचारा वाकलाय नुसता," वहिनी म्हणाली. मी जागा दाखवली. हमाल गेल्यावर ती स्टुलावर बसली, पदराने मान पुसली आणि दुकानाकडे बघून नाक मुरडलं. त्याबद्दल मला तिचा राग आला नाही, मीही रोज सकाळी तेच करतो. "ह्यांनी माळ्यावरून काढायला लावला," ती सांगू लागली. "अर्धांगाच्या दुखण्यातून उठल्यापासून एकच घोशा. डावा हात तर गेलाच. म्हणतात, उजव्याने एक तार तरी छेडता येईल, दाबायची नसली म्हणजे झालं. लावून बघितला तर नुसतं फर्रफर्र. शेजारचा मुलगा म्हणाला, माझ्या ओळखीचा आहे एक दुरुस्तीवाला. तर ह्यांनी केवढ्याने ओरडावं! म्हणे, माझ्या भावाशिवाय तो आजवर कुणी उघडलेला नाही, आणि कुणी उघडायचाही नाही." मी म्हणालो, "बरं." जाताना दारात ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "फार खोलात जाऊ नका. कसाही आवाज निघाला म्हणजे झालं. डॉक्टर म्हणालेत, वर्ष काढलं तरी पुष्कळ." ती गेली, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हायसं वाटलं. भाऊ वर्षभराचा सोबती आहे हे ऐकून माणसाला हायसं वाटावं! स्वतःचीच शिसारी येणं म्हणतात ते हेच. पण वाटलं खरं.

दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं आणि पाठीमागची फळी काढली. आत कोंदट, जुन्या कपड्यांच्या ट्रंकेसारखा वास. स्पीकर जागेवर होता. पंधरा इंची, आठ बोल्टांवर घट्ट. पाठीवरच्या मॅग्नेटवर कारखान्याचा गोल कागद चिकटवलेला, त्यावर छापलेलं की हा बेससाठीचा स्पीकर. मला वाचायची गरज नव्हती. तो कागद मीच तिथे चिकटवला होता. एकतीस वर्षांपूर्वी चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून एका जळक्या स्पीकरवरून सोडवला आणि ह्याच्या पाठीवर बसवला. कागदाचं काय, त्याला वाफ दिली की तो कुणाचाही होतो. पण लोखंडी चौकटीच्या काठावर कारखान्याने आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन कारखान्याचे, पुढचा एक वर्षाचा, शेवटचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. ते वाफेने सुटत नाहीत. म्हणून मी तेव्हा कानसीने घासून टाकले होते. आता त्या जागी बोटभर गंज होता. आणि काठ, आकडे सगळं सोडा, नुसते दोन अंगठे कागदी पडद्यावर ठेवून दाबलं तरी कळतं. बेसचा पडदा जड असतो, कड मऊ, अंगठ्याखाली तो आत जातो आणि सावकाश परत येतो. गिटारच्या स्पीकरचा ताठ. दाबला तर आखडतो. मी अंगठे ठेवले. आखडला. खाली कडेला उंदराने कुरतडून पडदा फाडलेला होता, फर्रफर्र त्याची. अंगठ्यांना कडेचा तो काळा, कधीच न वाळणारा लेप लागला, त्यात केस आणि माशीचा पाय. मी तीनदा हात धुतले.

तेव्हा मी चोवीसचा होतो आणि मालकांच्या हाताखाली नवीनच स्वतंत्र कामं करायला लागलो होतो. दादा पस्तिशीचा, शहरातल्या सगळ्यांत चालत्या पार्टीत बेस वाजवायचा. बेस म्हणजे लोकांना वाटतं मागे उभं राहून ढुम ढुम करायचं. दादाचं तसं नव्हतं. तो तार नुसती स्पर्शायचा आणि खर्ज जमिनीतून वर यायचा, तुमच्या पायातल्या चपलेतून पोटरीत. त्याची अट एकच, वाजवीन तर माझ्याच रेड्यातून. हॉलवाल्यांनी कितीही भारी अँप्लिफायर ठेवलेला असो. म्हणायचा, "दुसऱ्याच्या खोक्यातून वाजवायचं म्हणजे दुसऱ्याच्या ब्रशने दात घासायचे." सगळे हसायचे. तो रेडा टेम्पोत घालून गावोगाव न्यायचा. एके दिवशी सकाळी माझ्याकडे आणून दिला. "बारीक खरखर येते रे कधीकधी. बघ जरा. संध्याकाळी कार्यक्रम आहे, चारला नेतो." खरखर सापडेना. आमच्या धंद्यात अशा वेळी यंत्रावरून एक अखंड सूर लावून ठेवतात, स्पीकर तापला की लपलेला दोष तोंड वर काढतो. मी खालचा सूर लावला, आवाज पूर्ण उघडला आणि चहाला गेलो. पाच मिनिटांसाठी. खाली एक ओळखीचा भेटला, पाचाची चाळीस झाली. माणूस वाजवतो तेव्हा दोन सुरांमध्ये श्वास असतो, तेवढ्यात स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी निवते. यंत्राला कसला श्वास! जिन्यातच मला वास आला. गुंडाळीवरच्या जळक्या वार्निशचा तो गोडसर, घशाशी येणारा वास. आजही कुणाच्या घरी दूध उतू जाऊन जळलं की मी खिडकीत जाऊन उभा राहतो.

तीन वाजले होते. मालक बाहेरगावी. दुकानात त्याच कारखान्याचा, त्याच मापाचा एक स्पीकर होता, गिटारचा. तीच चौकट, तेच आठ बोल्ट, पुढून बघितलं तर जुळा भाऊच. मी विचार केला, आजचा दिवस निभावून नेऊ, दोन दिवसांत खरा आणून बसवू, दादाला कशाला डोक्याला ताप. किटली, वाफ, कानस, सगळं अर्ध्या तासात उरकलं. हात काय चालले होते माझे! आयुष्यात इतक्या सफाईने मी दुसरं काम केलेलं नाही. चारला दादा आला, एक तार छेडली, मान तिरकी केली. "काहीतरी हललंय. तू काही केलंस का?" मी म्हणालो, "नाही, फक्त साफ केला." बस, एवढंच. चार शब्द. पुढचं सगळं त्या चार शब्दांच्या पोटातून आलं.

कारण दादा माझ्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला आणि मग स्वतःवर संशय घ्यायला लागला. त्याला खालचा सूर ऐकू येईना. येणार कुठून, त्या स्पीकरच्या पोटात तो नव्हताच. म्हणून तो तार जोरात ओढायला लागला. आणखी जोरात. पार्टीचा म्होरक्या म्हणाला, "अरे, तू वाजवतोस कुठे, ओरबाडतोस." दादा कानाच्या डॉक्टरकडे गेला. कान ठणठणीत. मग म्हणाला, बोटंच गेली असतील. रोज तीन-तीन तास घोटून घोटून वाजवायचा, पहिलं बोट सुजायचं, वहिनी शेक द्यायची. त्या वर्षात त्याने चार वेळा रेडा माझ्याकडे आणला. "बघ रे, खरंच काही नाही ना?" चारही वेळा मी फळी काढली, बॅटरी मारली, आत बघून घेतल्यासारखं केलं आणि म्हणालो, "दादा, ठणठणीत आहे." पहिल्या दिवसाचं एक वेळ समजू शकतो. घाबरलो होतो, पोरवय होतं, असं काहीबाही माणूस स्वतःला सांगतो. पण ती चार वेळची बॅटरी! तिला कुठली सबब नाही. आणि सगळ्यांत ओंगळ गोष्ट अजून सांगितलीच नाही. आठव्या महिन्यात मला खरा स्पीकर मिळाला होता. तस्सा. चार दिवस टेबलाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवला. पण तो बसवला असता तर दादाच्या कानाने पहिल्याच सुराला ओळखलं असतं, आणि तोपर्यंत त्याचे डॉक्टर, शेक, म्होरक्याची बोलणी, सगळं होऊन गेलेलं. म्हणून मी तो दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाला बसवून दिला. त्याने माझे आभार मानले. पुढच्या महिन्यात दादाच्या बोटावर शस्त्रक्रिया झाली, बोट आकडीसारखं वाकडं राहिलं, पार्टीने दुसरा माणूस घेतला आणि दादा कापडाच्या दुकानात लागला. वीस वर्षं त्या वाकड्या बोटाने कापड मोजलं. कुणी विचारलं तर हसून म्हणायचा, "आपल्यात तेवढंच होतं, संपलं." त्या वाक्यानंतर मी त्याच्याकडे जाणं कमी केलं. लोकांना वाटलं, भावाभावांत काहीतरी बिनसलंय. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर खवखवही होईनाशी झाली होती. नुसता तोंडाला एक वाईट चवीचा थर, जिभेवर, कायमचा.

तर वहिनीने मला पळवाट दिली होती आणि मी ती धरली. आधी त्या खोट्या स्पीकरलाच नीट केलं. फाटलेल्या जागी पातळ कागदाचे तुकडे लावले, वर सौम्य डिंक, वाळल्यावर पुन्हा एक थर. दोन दिवसांचं काम. मंगळवारी संध्याकाळी तो लावला, सूर सोडला, फर्रफर्र गेली. पूर्वी यायचा तसाच वरवरचा, दातातून बोलल्यासारखा आवाज आला. झालं. मी स्वतःला समजावत होतो, आजारी माणूस, आता त्याला सत्य देऊन काय करायचं? सत्य काय औषध आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. उलट हे ऐकून धक्का बसला तर? म्हणजे बघा, माझी कातडी वाचवायला मी त्याच्या हृदयाचं कारण पुढे केलं. तेवढ्यात फोन वाजला. दादाच. जीभ जड झालेली, अर्धी वाक्यं ओठाच्या पडलेल्या कडेतून सांडत होती. "झाला का रे?" मी म्हणालो, "उद्या आणतो." तो म्हणाला, "उगाच तुला कामाला लावलं. दोष त्या खोक्यात कधी नव्हताच. हात माझा गेलेला. तेव्हाही तू बिचारा चार-चार वेळा उघडून बघायचास, कधी कंटाळा केला नाहीस. मी तुझ्या वहिनीला नेहमी सांगतो." मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकलो. दुपारी खाल्लेलं सगळं बाहेर आलं, मग नुसतं पाणी, मग तेही नाही. बिचारा म्हणाला मला! आजवर लोकांच्या खोक्यांत जे जे म्हणून सडलेलं पाहिलं, त्यातल्या एकाचीही मला इतकी किळस आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनीकडे फोनवर आणखी चार-पाच दिवस मागितले आणि भंगारवाल्याकडे गेलो. हा माणूस उकडलेली अंडी सोलून त्यांची टरफलं लोकांच्या मोडक्या यंत्रांत टाकतो, त्याचं तोंड बघायची इच्छा नसते, पण त्याच्या गोदामात नाही ते जगात नाही. म्हणालो, पंधरा इंची पाहिजे. "सगळे पंधराच आहेत," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मूर्ख असलं की अठरा होतात. तुमच्यासाठी पंधराच." मी वाकलो आणि एकेक काठ पुसायला लागलो. ओल, मांजराच्या मुताचा भपकारा, पायाखाली काहीतरी मऊ. दोन तास गेले. कागदांकडे बघितलंसुद्धा नाही. ज्याने एकदा वाफेवर कागद सोडवलाय तो पुन्हा कागदावर विश्वास ठेवत नाही. फक्त आकडे आणि अंगठे. शेवटी एका शाळेच्या सभागृहातून निघालेल्या विजेवरच्या ऑर्गनच्या पोटात तो सापडला. काठ थुंकीने पुसला. जळक्यावर होते तेच कारखान्याचे तीन आकडे, वर्षही तेच. अंगठे ठेवले. पडदा आत गेला आणि सावकाश, जड माणूस खुर्चीतून उठावा तसा परत आला. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. "मिळालं वाटतं," भंगारवाला म्हणाला. "तोंड असं का केलंय मग? मयताला आल्यासारखं?"

तो चालू नव्हता. ओलीने पडदा एका बाजूला बसला होता, आतली तारेची गुंडाळी मॅग्नेटला घासत होती. त्याच्या मधली टोपी ब्लेडने सोडवली, कड ओली करून मोकळी केली, आणि कुणाच्या तरी छातीच्या एक्स-रेच्या बारीक पट्ट्या कापून गुंडाळीभोवती खोचल्या, म्हणजे ती बरोबर मध्यावर राहते. मग डिंक, मग वजन, मग दोन दिवस हात लावायचा नाही. पट्ट्या काढून टॉर्चचा सेल तारांना टेकवला. पडदा पुढे आला, मुकाट, न घासता. सूर लावला तेव्हा मी दुकानातून हललो नाही. चहावाला दारात येऊन गेला, त्याला हातानेच जा म्हटलं. तो खर्ज फरशीतून आला. दुकानातल्या बरण्यांतले स्क्रू थरथरले आणि माझी पोटरी, एकतीस वर्षांनी. आनंद झाला असेल असं वाटतं ना? छे. मला फक्त एवढं समजलं की आता हे त्याच्यापुढे न्यायचं म्हणजे त्याला सांगायचं, की बाबा, तुझा हात कधी गेलाच नव्हता. आणि न न्यायचं म्हणजे त्याने ते न कळताच मरायचं. दोन्हीकडून घाणच. त्यातल्या त्यात जी माझ्या अंगावर उडेल ती निवडली, एवढंच.

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. हमाल रेडा घेऊन पुढे, मी मागे, हातात पिशवी. काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा ही आमच्या धंद्याची रीत. म्हणून खोटा स्पीकर पिशवीत घेतला होता. खोलीत औषधांचा, पावडरीचा आणि त्या दोन्हींच्या खाली झाकलेला दुसरा वास. दादा खिडकीपाशी खुर्चीत. दाढी एकाच गालाची नीट झालेली, छातीवर टॉवेल, त्यावर लाळेचा ओला डाग. मला बघून अर्ध्या तोंडाने हसला, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट कुठली यावी? की हा आता मला जवळ घेईल आणि ते ओलं माझ्या शर्टाला लागेल. सख्खा भाऊ! मी वाकून त्याच्या पायाशी प्लग शोधायला लागलो.

वहिनीने पलंगाखालून बेस काढून त्याच्या मांडीवर ठेवला, उशीने टेकवला आणि ती आत गेली. तारा जुन्या, काळवंडलेल्या. "खालची एकच वाजव," मी म्हणालो. "जोर नको लावू." तो म्हणाला, "जोर कुठे राहिलाय," आणि ते वाकडं बोट तारेखाली घालून सोडून दिलं. खोलीभर तो सूर उभा राहिला. खिडकीची काच हलकेच घुमली, टेबलावरच्या बाटलीतलं औषध शहारलं. दादाचं बोट हवेत तसंच. सूर पूर्ण विझेपर्यंत तो हलला नाही. मग पुन्हा एकदा. अगदी हळू, स्पर्श म्हणावा इतपत. तेवढाच मोठा, तेवढाच खोल. आतल्या खोलीतून वहिनी हात पुसत धावत आली. "अगोबाई! हा तर तेव्हाचा आवाज!" ती म्हणाली. "आपण नव्या जागेत आलो तेव्हाचा. अहो, तुमचा हात बरा झाला की काय?" आणि मग तिने दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचे हात पदरातच राहिले.

दादा स्वतःच्या बोटाकडे बघत होता. उलटं केलं, सुलटं केलं. शस्त्रक्रियेची पांढरी रेघ अंगठ्याने चाचपली. मग मला विचारलं, "काय केलंस?" मी म्हणालो, "स्पीकर बदलला." त्याने मान हलवली. जड जिभेने, एकेक शब्द चावून म्हणाला, "आत्ताचं नाही विचारत. तेव्हा काय केलंस?" म्हणून मी सांगितलं. खाली फरशीवर बसूनच. यंत्राचा सूर, चहा, जळका वास, किटली, कानस, चार वेळची बॅटरी. गोणपाटातला खरा स्पीकर, तोसुद्धा. एवढं सांगायला किती वेळ लागावा? पाच मिनिटंही लागली नाहीत. वहिनी मध्येच म्हणाली, "मी ह्यांच्या बोटाला शेक देत होते हो, भावजी. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात." हे ती इतक्या हळू म्हणाली की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तोंडात नुसती ती चव. मी म्हणालो, "दादा, मार मला. काहीही कर." किती घाणेरडं वाक्य! ज्याचा एक हात गेलाय आणि दुसरा मी घालवलाय, त्याला मी मार म्हणत होतो.

दादाने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची गच्ची आणि पाण्याच्या टाक्या. मग त्याने विचारलं, "पिशवीत काय आहे?" मी सांगितलं. "फाटलाय?" म्हणालो, "नाही, दुरुस्त केलाय." तो म्हणाला, "तो लाव." मला वाटलं, त्याला समजलं नाही. म्हणालो, "दादा, आतला आहे तोच खरा. तुझा. आता कितीही हळू वाजव—" त्याने हात वर केला. "मला सांगतोस खरा कुठला? मी दोन सुरांत ओळखला. काढ तो." वहिनी म्हणाली, "अहो, असं काय करता, एवढा सुंदर आवाज." तो तिच्यावर ओरडला नाही. तिच्याकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "हा इथे राहिला तर मला रोज ऐकायला लागेल, की मी कापड मोजायला नको होतं. वर्षभर रोज? नाही जमणार मला. त्या पिशवीतल्यात मी वाईट वाजवतो. ते मला पाठ आहे. त्याच्याबरोबर राहता येतं."

मी पाना काढला. दुसरं काय करणार होतो? फळी काढली, आठ बोल्ट सोडवले, खरा स्पीकर बाहेर काढून फरशीवर पालथा ठेवला. एक बोल्ट गडगडत पलंगाखाली गेला. दादा म्हणाला, "सावकाश. घाई नाही." वहिनीने तो शोधून माझ्या हातावर ठेवला, माझ्या बोटांना स्पर्श होणार नाही अशा बेताने. खोटा जागेवर बसवला, तारा जोडल्या, बोल्ट आवळले. दादा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत होता. एकदाही नजर हलवली नाही. फळी लावून झाल्यावर मी बटण दाबलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. त्याने वाकडं बोट तारेखाली घातलं आणि सगळा जीव एकवटून ओढलं. तो पातळ, दातातून बोलणारा, कुठूनच खाली न जाणारा आवाज खोलीत फरफटला. दादाने डोळे मिटले.

"हां," तो म्हणाला, "हा मी."